शेवटच्या कोऱ्या पानांवरची सूची

ते पुस्तक उघडं राहत नसे. गुळगुळीत जड कागद, जाड पुठ्ठा आणि घट्ट बांधणी. पान उलटून हात काढला की हळूहळू मिटत जायचं. आणि फोटोशॉप, म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, शिकताना हात मोकळा कुठला असायला? उजवा माउसवर, डाव्याची करंगळी कंट्रोलवर, अंगठा ऑल्टवर. मग मी उघड्या पानांवर स्टेपलर आडवा ठेवायला लागले. कितीतरी संध्याकाळी नजर नुसती ये-जा करत राहिली: स्टेपलरच्या वरची ओळ वाचायची, पडद्याकडे बघायचं, छापलेली खिडकी आणि पडद्यावरची खिडकी जुळते का ते ताडायचं, की परत पुस्तक.

२००९ च्या आसपासची ही गोष्ट. माझ्या कॉम्प्युटरवर फोटोशॉपचं सीएस४ होतं, म्हणजे २००८ ची आवृत्ती. पुस्तक मात्र २००२ च्या सातव्या आवृत्तीवरचं, एका ओळखीच्यांच्या कपाटातून माझ्याकडे आलेलं. मधल्या सहा वर्षांत सॉफ्टवेअर बरंच पुढे गेलेलं. केसांभोवतीची पार्श्वभूमी काढण्याचा एक धडा त्यात होता, आणि तो 'एक्स्ट्रॅक्ट' नावाच्या कमांडवर बेतलेला. मी ती कमांड अख्खी संध्याकाळ शोधली. प्रत्येक मेन्यू उघडून पाहिला. बऱ्याच दिवसांनी कळलं की सीएस४ मध्ये ती नेहमीच्या इन्स्टॉलेशनमधून काढून टाकली होती. हवीच असेल तर वेगळी मिळवून बसवावी लागे. त्या संध्याकाळी मात्र मला वाटलं होतं की माझ्याच काहीतरी लक्षात येत नाहीये.

याहून जास्त शिकवून गेली ती एक बंदी. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टला हात लावू नका. मी लावला नाही, वर्षभर. नंतर दुसऱ्या एका पुस्तकात त्या बंदीमागचं कारण वाचायला मिळालं. जुन्या आवृत्त्यांत ब्राइटनेस वाढवला की फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये तेवढाच आकडा मिळवला जायचा. काळ्याचा करडा व्हायचा आणि पांढऱ्याच्या जवळपास जे काही असेल ते सगळं पांढऱ्यात बुडून जायचं. २००७ च्या सीएस३ पासून ती कमांड बदलली. आता दोन्ही टोकं धरून ठेवून मधला भाग उजळतो, आणि जुनी पद्धत हवी असेल तर त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. म्हणजे मी वर्षभर पाळत होते त्या बंदीचं कारण माझ्या कॉम्प्युटरवर उरलंच नव्हतं. तेव्हापासून पुस्तकात कुठेही 'हे करा' किंवा 'हे करू नका' दिसलं की मी पेन्सिलीने समासात 'का?' लिहायला लागले. काही 'का'ची उत्तरं त्याच पानावर मिळाली, काहींची तिसऱ्या पुस्तकात. काही समासात अजून तशीच आहेत.

डिजिटल फोटोग्राफीवरच्या पुस्तकांत पाककृतीसारखे धडे फार असतात. हा फोटो उघडा, अमुक मेन्यूत जा, हे तीन आकडे भरा, ओके म्हणा. पुस्तकाच्या मागे सीडी चिकटवलेली असायची आणि तिच्यात सरावाचे फोटो. त्या फोटोंवर आकडे भरले की जादू व्हायची. धडा संपला की मला सगळं येतंय असं वाटायचं, आणि आपला स्वतःचा फोटो उघडला की काहीच येईनासं व्हायचं.

फोटोच्या कडा तीक्ष्ण करणाऱ्या अनशार्प मास्क या कमांडचं हेच झालं. पुस्तकातले आकडे मला अजून पाठ आहेत: अमाउंट १५०, रेडियस १, थ्रेशोल्ड ४. सीडीतला फोटो त्या आकड्यांनी लखलखीत झाला. तेच आकडे मी आत्याच्या फोटोला दिले. खिडकीपाशी बसलेली आत्या, एका बाजूने येणारा उजेड, मांडीवर हात. काही फरकच दिसेना. मग मी अमाउंट २०० केला, ३०० केला, ४०० केला. पडद्यावर फरक दिसला तेव्हा आत्याच्या गालाची त्वचा वाळूच्या कागदासारखी झाली होती.

चूक कुठे होती ते आज एका वाक्यात सांगता येतं: रेडियस पिक्सेलमध्ये मोजतात, आणि पुस्तकातला फोटो २०४८ पिक्सेल रुंद होता, तर माझा ४०००. माझ्या फोटोतला एक पिक्सेल चित्राच्या मानाने जवळपास निम्म्या आकाराचा. त्यामुळे कडेला पडणारी उजळ-काळी रेघही निम्मीच जाड. मला वाढवायचा होता रेडियस, मी वाढवत होते अमाउंट. आणि थ्रेशोल्ड म्हणजे शेजारच्या पिक्सेलमध्ये किती फरक असेल तरच त्याला कड समजायचं, हे कळलं असतं तर गालाची त्वचा वाचवता आली असती. पण पुस्तकाने यातलं काही सांगितलं नव्हतं, फक्त आकडे सांगितले होते. आकडे त्या एका फोटोचे होते. ते माझ्या आत्याचे नव्हते.

दुसरं पुस्तक पातळ होतं, निळ्या कव्हरचं, त्यात चित्रं कमी आणि मजकूर जास्त. ते मला आधी रटाळ वाटलं आणि नंतर त्याच्याशिवाय माझं चालेना. त्यात एक प्रश्न विचारला होता जो मला कधी पडलाच नव्हता: चांगल्या कॅमेऱ्याने, चांगल्या लेन्सने काढलेला फोटो मुळात शार्प करावा तरी का लागतो?

उत्तर सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपच्या, पोटात आहे. सेन्सरच्या पिक्सेलला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक बारीक काच बसवलेली असते. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच मांडणी आहे: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे माझ्या एक कोटी वीस लाख पिक्सेलच्या फोटोत प्रत्यक्ष लाल मोजणारे फक्त तीस लाख. बाकीच्या जागांचा लाल रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेला. हिरव्या-निळ्याचंही तसंच. या अंदाजात कडा थोड्या मऊ पडतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढे मुद्दाम किंचित धूसर करणारा एक पडदाही असतो, बारीक जाळीदार कापडावर खोट्या लाटा उमटू नयेत म्हणून. शार्प करणं म्हणजे हा मऊपणा काढणं. हललेला किंवा फोकस चुकलेला फोटो त्याने सुधारत नाही. हे एकदा समजल्यावर माझा हात आपोआप हलका झाला.

'अनशार्प' हे नाव मात्र मला फार दिवस खुपत होतं. तीक्ष्ण करणाऱ्या हत्याराचं नाव 'धूसर' कसं? तेही निळ्या पुस्तकानेच सोडवलं. हे डार्करूममधलं, म्हणजे फिल्मवरून प्रिंट काढायच्या अंधाऱ्या खोलीतलं, तंत्र. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर असा एक फिकट पॉझिटिव्ह काढायचा, तो निगेटिव्हला चिकटवून दोन्हींमधून प्रिंट घ्यायची. मोठ्या भागांतला काळा-पांढरा फरक ते दोघं मिळून कमी करतात, बारीक कडा मात्र धूसर फिल्ममध्ये नसल्यामुळे तशाच राहतात. मग जास्त कॉन्ट्रास्टच्या कागदावर प्रिंट घेतली की त्या कडा उठून येतात. फोटोशॉपच्या टूलबारमधली, फोटोचा भाग उजळ किंवा गडद करणाऱ्या हत्यारांची चित्रं, ती काळ्या गोळीची काडी आणि बोटांनी गोल केलेला हात, दोन्ही तिथूनच आलेले. काडीवर गोल पुठ्ठा लावून प्रिंटचा एक भाग उजेडापासून राखायचा म्हणजे तो उजळ राहतो, मुठीच्या भोकातून जादा उजेड पाडायचा म्हणजे तो भाग गडद होतो. मी डार्करूममध्ये कधी पाऊलही टाकलेलं नाही. पण त्या हाताचं चित्र ओळखीचं झाल्यावर फोटोशॉप मला निराळंच दिसायला लागलं. कोणाच्या तरी ओल्या हातांची ती सवय होती, कोणीतरी जपून पडद्यावर आणून ठेवलेली.

पुस्तकाच्या छापील पानावर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो शेजारीशेजारी असत. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. आणि बऱ्याचदा मला त्यांच्यात काही फरक दिसायचा नाही. एक तर छपाई चार शाईंच्या ठिपक्यांची, त्यात बारीक बदल विरून जायचे. दुसरं म्हणजे कुठे बघायचं तेच मला कळत नव्हतं. लेखक लिहायचा, 'सावल्या आता किती मोकळ्या झाल्या पाहा', आणि मी भिंग घेऊन सावल्या शोधायची. पान तिरकं धरायची. एक फोटो हाताने झाकून दुसरा बघायची, मग उलट. धडा दहा मिनिटांचा असेल, तर हे बघणं अर्ध्या तासाचं व्हायचं. मला आज वाटतं की मी त्या पुस्तकांतून जे काही शिकले ते मुख्यतः त्या अर्ध्या तासांत शिकले. एकदा सावल्यांतला फरक दिसला की तो पुढे दिसतच राहतो, न दिसणं परत आणता येत नाही.

फरक दिसायला लागला तशी दुसरी अडचण आली. मला फोटोत काय बिघडलंय ते दिसायचं, पण त्यासाठी पुस्तकात कुठे बघायचं ते कळायचं नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, पण ती हत्यारांची असते. कर्व्हज, चॅनल मिक्सर, लेअर मास्क, हीलिंग ब्रश. ज्याला हत्याराचं नाव ठाऊक आहे त्यालाच ती उपयोगाची. माझ्या डोक्यात हत्याराचं नाव नसे, तक्रार असे. आणि ती तक्रार मराठीत असे.

जाड पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं होती. मी त्यांवर माझी सूची करायला घेतली. डावीकडे तक्रार, उजवीकडे पान. पहिला शब्द अर्थातच 'रखरखीत', आत्याच्या गालाचा. त्याच्या समोर निळ्या पुस्तकातली अनशार्प मास्कची पानं. त्याखाली 'मेणचट', म्हणजे नॉइज, फोटोतले दाणे, घालवता घालवता किंवा डाग पुसता पुसता त्वचेची छिद्रंच नाहीशी होतात आणि माणूस मेणबत्तीचा वाटायला लागतो ते. मग 'भडक'. मग 'मळकट': सगळं करड्या पट्ट्यात अडकलेलं, ना खरा काळा ना खरा पांढरा, हिस्टोग्रामची, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आलेखाची, दोन्ही टोकं रिकामी. 'गढूळ' हा वेगळा. त्यात टोकं जागेवर असतात, पण मधले रंग एकमेकांत कालवल्यासारखे. मळकटाला लेव्हल्स पुरतात, गढूळाला कर्व्ह लागतो, कारण टोकं न हलवता मधल्या भागातलाच एखादा टप्पा उचलायचा किंवा दाबायचा असतो. हा फरक मी इंग्रजी पुस्तकांत असा मांडलेला कुठे वाचला नाही. मराठीत दोन शब्द होते म्हणून मला दोन दुखणी दिसली.

'खरबरीत' आणि 'भगभगीत' हे दोन शब्द मी शेजारीशेजारी लिहिले होते, कारण नसताना. ते एकाच गोष्टीची दोन टोकं निघाले.

एका सकाळी काळ्याशार पाण्याच्या कडेला बगळा उभा होता. मी त्याचे पंधरा-वीस फोटो काढले, जेपीईजीमध्ये. कॅमेऱ्याने चौकटभरचं काळं पाणी बघितलं आणि उजेड वाढवला. बगळा पांढरा शुभ्र आला, इतका की त्याला पीसच उरलं नाही. पुस्तकात एक युक्ती होती, मला फार आवडलेली: लेव्हल्समध्ये ऑल्ट दाबून उजवीकडचा पांढरा त्रिकोण धरायचा. सगळा पडदा काळा होतो आणि जिथे तपशील संपलाय तेवढीच जागा उजळते. मी ऑल्ट दाबला. काळ्या पडद्यावर बगळा उभा होता, आख्खा, चोचीपासून शेपटीपर्यंत. लाल २५५, हिरवा २५५, निळा २५५, तिन्ही कमाल. मी त्या दिवशी तीन पुस्तकं चाळली. शॅडो-हायलाइट लावून पाहिलं, त्याने पांढऱ्याचा फक्त करडा झाला, पुठ्ठ्यातून कापलेल्या बगळ्यासारखा. जे टिपलंच गेलं नाही ते कुठल्याच स्लायडरच्या मागे लपलेलं नसतं.

सेन्सर उजेड सरळ मोजतो: उजेड निम्मा, तर आकडा निम्मा. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या आकड्यांच्या फाइलमध्ये, ४०९६ पायऱ्या असतात. स्टॉप म्हणजे उजेडाचा एक टप्पा, प्रत्येक खालचा वरच्याच्या निम्मा. त्या पायऱ्यांतल्या २०४८ एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपला मिळतात, त्याखालच्या स्टॉपला १०२४, मग ५१२, मग २५६, मग १२८. खोल सावलीत पोचेपर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. म्हणून सावली ओढून उजळ केली की ती खरबरीत होते. आणि म्हणूनच उजेड जितका भरून घेता येईल तितका घ्यावा असं वाटतं, पण भांडं काठोकाठ भरलं की त्यापुढचा सगळा उजेड सांडतो. बगळ्याचं पीस तसं सांडलं होतं. माझ्या सूचीत 'भगभगीत'च्या समोर लिहिलेली तीन पानं मी खोडली आणि तिथे लिहिलं: 'कॅमेऱ्यातच. उजेड कमी.' त्या हिवाळ्यात मी रॉमध्ये फोटो काढायला लागले, आणि पांढरं काही दिसलं की एक्स्पोजर मुद्दाम एक स्टॉप खाली आणून बघायला. सॉफ्टवेअरच्या पुस्तकाने मला कॅमेऱ्याकडे परत पाठवलं, याचं मला त्या वेळी खूप अप्रूप वाटलं होतं.

आत्याच्या फोटोकडे मी वर्षभराने परत गेले. शार्पनिंग आता जमलं होतं. पण चेहऱ्याचा रंग बरोबर नव्हता. खिडकीच्या उजेडाची निळी झाक गालावर आली होती. सूचीत शब्द होता 'उतरलेला', आणि समोर जाड पुस्तकातला त्वचेच्या रंगावरचा धडा. तो आकड्यांचा धडा होता आणि मला तो फार शास्त्रीय वाटला. इन्फो पॅलेटमध्ये सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, आकडे बघा. त्वचेत पिवळा मॅजेंटाच्या, म्हणजे किरमिजी शाईच्या, बरोबरीने किंवा थोडा जास्त हवा. सायन, म्हणजे हिरवट निळी शाई, मॅजेंटाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतका. मी आत्याच्या कपाळावर आयड्रॉपर ठेवला. सायन मॅजेंटाच्या निम्म्याच्याही वर. पुस्तकाच्या हिशोबाने हा बिघाड होता. मी कर्व्हने सायन खाली आणला, आणला, नियमात बसवला. आकडे बरोबर आले आणि आत्या तांबूस, उजळ, कोणीतरी दुसरीच झाली.

मी बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत बसले. माझी आत्या सावळी आहे, गडद सावळी. त्या पुस्तकातल्या धड्यांमधले सगळे चेहरे मग मी एकेक करून पाहिले. सगळे गोरे. नियम खोटा नव्हता, तो त्या चेहऱ्यांचा होता. गडद त्वचेत सायन जास्त असतोच, काळ्या शाईचा अंशही असतो, आणि तो काढून टाकला की माणसाचा रंगच काढून टाकला जातो. पुढे वाचनात आलं की हे फार जुनं आहे. फिल्मच्या काळात प्रिंट काढणाऱ्या लॅबना रंग जुळवण्यासाठी कोडॅकची कार्डं मिळायची, 'शर्ली' या नावाने ओळखली जाणारी, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. यंत्र तिच्या त्वचेवर बेतलं की बाकी सगळ्यांचे रंग त्याच मापाने निघायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मी संतापले नाही, पण तो धडा मी पुन्हा वाचू शकले नाही. आकड्यांवर मी इतका विश्वास टाकला होता की समोर ओळखीचा चेहरा असताना मी त्याच्याऐवजी पॅलेटकडे बघत होते.

सायनचा बदल मी सगळा मागे घेतला. निळी झाक काढली ती खिडकीच्या चौकटीवरून, जी पांढरी होती हे मला माहीत होतं. ती पांढरी दिसेपर्यंत, तेवढीच. मग फोटोवर एक नवा लेअर, म्हणजे थर, घेतला, त्यात ५० टक्के करडा भरला, आणि तो खालच्या फोटोत मिसळायची पद्धत, म्हणजे ब्लेंड मोड, ठेवली सॉफ्ट लाइट. त्या मोडमध्ये नेमका मधला करडा अदृश्य असतो. त्यावर पांढऱ्या ब्रशने फिरवलं की खालचं उजळतं, काळ्याने फिरवलं की गडद होतं, आणि मूळ फोटोला धक्काही लागत नाही. डार्करूममधल्या त्या काडीचं आणि मुठीचंच काम. ब्रशची ताकद पाच टक्के. हातांवरच्या शिरा थोड्या उचलल्या, मागची भिंत थोडी दाबली. चेहऱ्याला जवळपास काही केलं नाही.

प्रिंट आत्याला दिली. ती चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "खिडकीला रंग द्यायला झालाय गं." चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही. आधीच्या प्रत्येक प्रिंटच्या वेळी ती म्हणायची, मी अशी दिसते का? या वेळी तिला स्वतःकडे बघावंच लागलं नाही.

लेअर ही गोष्ट मी जन्मापासून असल्यासारखी वापरते. पण फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली तेव्हा लेअर नव्हते. थॉमस आणि जॉन नोल या दोन भावांनी फोटोशॉप रचलं, आणि लेअर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. नुसता बदल वेगळ्या थरावर ठेवणारे अडजस्टमेंट लेअर १९९६ मध्ये. आणि १९९८ पर्यंत अनडू एकच पायरी मागे जायचं. एक! त्या काळातलं एक मार्गदर्शक माझ्या हाती लागलं होतं, वाचनालयातून काढून टाकलेल्या पुस्तकांत. त्याच्या प्रत्येक धड्याची पहिली ओळ फोटोची प्रत काढून ठेवायची. आणि प्रत्येक दोन-तीन पायऱ्यांनंतर पुन्हा प्रत. त्या लेखकाचं बोट माउसवर किती जपून पडत असेल ते वाक्यावाक्यातून कळत होतं. २००७ मध्ये लाइटरूम नावाचं सॉफ्टवेअर आलं, त्यात तर मूळ फाइल बदलतच नाही. काय करायचं याच्या सूचना तेवढ्या साठवल्या जातात, आणि दहा वर्षांनीही पहिल्या पायरीवर परतता येतं. हे वरदान आहे, मी ते रोज घेते. पण परतता येतं म्हणून थांबायचं कुठे हे कळतं असं नाही.

थांबणं मला पुस्तकांतल्या 'नंतर'च्या फोटोंनी शिकवलं. चांगल्या लेखकांचा 'नंतर' बघून दर वेळी वाटायचं, अजून थोडं करता आलं असतं. त्यांनी केलेलं नसे. निळ्या पुस्तकाच्या लेखकाची एक सवय मी उचलली: जे काही केलं ते वेगळ्या लेअरवर ठेवायचं, आपल्याला हवं तसं झालं असं वाटलं की त्या लेअरची ओपॅसिटी, म्हणजे तो किती ठळक दिसतो ते, निम्मी करायची, आणि उठून जायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं. दहापैकी सात-आठ वेळा निम्मंच बरोबर असतं. अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स मुळात पियानो शिकलेले होते, आणि ते निगेटिव्हला संगीताची लिपी म्हणायचे, प्रिंटला तिचं वादन. १९४१ मध्ये टिपलेल्या चंद्रोदयाच्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढची कित्येक वर्षं प्रिंट काढल्या, आणि नंतरनंतरच्या प्रिंटमधलं आकाश अधिकाधिक काळं होत गेलं. मला हे वाचून धीर आला होता. माझ्या आत्याच्या फाइलच्याही चार आवृत्त्या आहेत, आणि दोनदा मी पुढच्या आवृत्तीवरून मागच्या आवृत्तीवर आले आहे.

आता कोणी पुस्तकातून सॉफ्टवेअर शिकत नाही, आणि शिकावं असा माझा आग्रहही नाही. व्हिडिओत हात दिसतो, कर्सर कुठून कुठे गेला ते दिसतं. एक्स्ट्रॅक्ट शोधण्यात माझी जी संध्याकाळ गेली तशी आज कुणाची जाणार नाही. पण व्हिडिओ पुढे जात राहतो. तो थांबवता येतो, तरी थांबवावासा वाटत नाही. पुस्तक थांबलेलंच असायचं. आणि ज्याला हात दाखवता येत नाही त्याला कारण लिहावं लागतं, निदान चांगल्या लेखकाला तरी.

परवा भाची फोन घेऊन आली. पावसानंतरचं मैदान, पहाटेचं धुकं, दूर दोन मुलं धावताहेत. फोटो सुंदर होता.

"मावशी, बघ ना. मी सगळं करून पाहिलं. कसातरीच दिसतोय."

"कसातरी म्हणजे कसा?"

"माहीत नाही. बरा नाही दिसत."

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. आजकालच्या सॉफ्टवेअरला आकाश म्हटलं की ते आकाश निवडतं, माणूस म्हटलं की माणूस. मी त्यासाठी एकेका केसाभोवती मास्क रंगवलेत. पण हे सगळं तिने करून झालं होतं. मी कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि शेवटची पानं तिच्यासमोर धरली. ती शब्द वाचत गेली. मळकट. गढूळ. उतरलेला. भगभगीत. काही शब्द तिने मला विचारले.

"मळकट आहे का?"

तिने फोटोकडे पाहिलं. "नाही. धुकं आहे ना, ते असंच असतं. ते मला हवंय."

"मग गढूळ?"

"नाही." ती खुर्ची पुढे ओढून बसली. पहिल्यांदाच ती स्लायडरकडे न बघता फोटोकडे बघत होती, आणि मी काही बोलले नाही. बराच वेळ गेला. "धुकं झोपलेलं चालेल," ती म्हणाली, "पण मुलं धावताहेत ना. तीपण धुक्यासारखीच झालीयेत. पेंगुळल्यासारखी."

हा शब्द माझ्या सूचीत नव्हता. मी तिच्या हातात पेन्सिल दिली. तिने 'खरबरीत'च्या खाली, तिच्या गोल अक्षरात, 'पेंगुळलेला' लिहिलं आणि विचारलं, "पान कुठलं?"

"शोधावं लागेल."

मी निळं पुस्तक घेतलं आणि लोकल कॉन्ट्रास्टवरचं, म्हणजे फोटोच्या छोट्या भागांतला उजळ-गडद फरक वाढवण्यावरचं, प्रकरण उघडलं. इतक्या वर्षांनीही, जाड पुस्तकासारखंच, तेही उघडं राहत नाही. मी स्टेपलरसाठी टेबलावर हात फिरवला, तोवर तिने आपला तळहात पानावर ठेवला होता.